चौथं कलम

"रडायला मी जाणार नाही," आत्या म्हणाली. "आधीच सांगून ठेवते. बोलायला जाणार आहे."

"तुला रड कोण म्हणतंय?" दादांनी चष्मा कपाळावर सरकवला. "फक्त व्हायोलिनवाल्या मास्तरांचं सांगताना आवाज जरासा... म्हणजे तुझा आवाज आता तसाही..."

"तसाही काय?"

"काही नाही. चिमे, पुढे वाच."

चिमी ही दादांची एकुलती एक लेक. कोर्टात तिला पक्षकार वकीलबाई म्हणून वाकून नमस्कार करत, पण या घरात ती चौतिसाव्या वर्षीही चिमीच होती आणि पुढेही राहील असं दिसत होतं. सकाळचे साडेदहा वाजले होते. घरची पाच माणसं रेकॉर्डिंगच्या खोलीत बसली होती, कारण खालचं तबकड्यांचं उरलंसुरलं दुकानही भाड्याने दिल्यापासून पाच खुर्च्या एकत्र मावतील अशी दुसरी जागाच कंपनीकडे उरली नव्हती. भिंतींना जाड कापडाचा थर, एकामागे एक दोन दारं, मधे मोठी काच आणि काचेपलीकडे दादांच्या धाकट्या भावाची मशीनं. या खोलीत कुजबुजलं तरी ऐकू येतं. त्यामुळे इथे भांडणं फार स्पष्ट होत.

आज संध्याकाळी पाचपर्यंत कंपनीचं निवेदन पोचवायचं होतं. उद्या अकरा वाजता खासदारांच्या समितीपुढे साक्ष होती. इंटरनेटवर गाणी फुकट वाटण्यावर कायद्याने बंदी घालावी की नाही, हे ती समिती ठरवणार होती, आणि कंपन्यांच्या संघटनेने साक्षीदार म्हणून आत्याला निवडलं होतं. कंपनीवाला बोलला तर लोकांना धंदा दिसतो, गाणारी बाई बोलली तर अन्याय दिसतो, हे संघटनेला चांगलं कळत होतं.

"कलम चौथं," चिमीने वाचलं. "गाण्याचा हक्क ज्याच्याकडे आहे त्याच्या परवानगीवाचून जो कोणी ते इंटरनेटवर चढवील, त्याचं कनेक्शन कायमचं तोडावं आणि त्यास दोन वर्षांपर्यंत कैद व्हावी. सोबत चौदा जणांची यादी."

"पहिला कोण?" चिमीच्या आईने, वहिनींनी विचारलं. गेली तीस वर्षं कंपनीचं ऑफिस त्या एकहाती सांभाळत होत्या, आणि कुठल्याही यादीत पहिलं कोण हे त्यांना आधी कळायला लागे.

"खरं नाव नाही मिळालं. टोपणनाव 'जुनं रीळ'. आपली तीनशे चाळीस गाणी त्याच्या एकट्याच्या नावावर आहेत."

"हा आधी आत गेला पाहिजे," दादा म्हणाले. "बाकीचे तेरा मग बघू."

"मी त्यातलं एक गाणं उद्या पुरावा म्हणून वाजवायचं म्हणतेय. आत्या, तुझंच आहे. सगळ्यात जास्त हेच ऐकलं गेलंय. चाळीस हजार वेळा." चिमीने लॅपटॉपवर बोट दाबलं.

आधी नुसती खरखर आली. मग एक खणखणीत पुरुषी आवाज म्हणाला, "पंखा बंद करा रे. दार कोण आपटतंय? हं. टेप एकशेबारा. टेक दोन. गाणारी, आमची बेबी."

मग व्हायोलिन सुरू झालं.

चिमीने ऑफिसात ही फाईल दहा वेळा तरी ऐकली होती आणि दर वेळी तिला वाटलं होतं की हा फाईल चढवणाऱ्याचाच काहीतरी चावटपणा असावा. तिच्या आजोबांची वाचा ती सहा वर्षांची असतानाच गेली होती. पुढची बारा वर्षं तिने त्यांना खुर्चीत बसून बोटाने खुणा करतानाच पाहिलं. त्यांचा आवाज असा होता हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आता आईचं तोंड उघडं राहिलेलं आणि वडिलांनी टेबलाची कड धरलेली पाहून तिला कळलं, आणि तिने गाणं बंद केलं.

"अण्णा," दादा म्हणाले.

"हे तबकडीवर कुठे होतं?" वहिनी हळूच म्हणाल्या.

नव्हतंच. प्रत्येक टेपेच्या सुरुवातीला अण्णा स्वतः नंबर बोलत, पंख्यावरून कुणाला तरी झापत आणि गाणाऱ्याचं नाव घेत. तबकडी काढताना तेवढा तुकडा पात्याने कापून टाकायचा, हा इथला नियम होता. तो आवाज होता फक्त मागच्या खोलीतल्या मूळ टेपांवर, आणि त्या खोलीला कुलूप होतं.

"किल्ल्या दोन," दादा म्हणाले. "एक माझ्या खिशात."

"आणि तुला मशीन सुरू करता येत नाही," धाकटा म्हणाला. "कशाला उगाच हिशेब मांडतोस. मीच आहे तो. जुनं रीळ."

*

धाकट्याला पकडला गेल्याचं वाईट वाटलं नाही. स्वतःच्या कामातली चूक अशी सगळ्यांसमोर वाजली, याचं वाटलं. चौपन्न वर्षांचा हा माणूस, घरात अजून पिंट्या. त्याने आयुष्यात हजारो टेपा कापल्या होत्या. श्वास कुठे संपतो आणि सूर कुठे सुरू होतो हे त्याला डोळे मिटून कळे. तीनशे चाळीस वेळा त्याने तो तुकडा कापायला घेतला आणि तीनशे चाळीस वेळा त्याचा हात धजला नाही. तो दर वेळी कापला असता, तर आज ओळखायला काही उरलं नसतं.

"कुंपणानेच शेत खाल्लं," दादा म्हणाले. त्यांचा आवाज अजून चढला नव्हता, पण चढणार हे सगळ्यांना माहीत होतं. "मी चौदा महिने त्या संघटनेच्या बैठकांना जातोय. लोकांना चोर चोर म्हणून ओरडतोय. आणि चोर माझ्या शेजारच्या ताटाला बसून जेवतोय!"

"सहा वर्षांपूर्वी तुला सांगितलं होतं, दादा. टेपा चिकट व्हायला लागल्यात. वरचा थर सुटतोय. मशीनवर लावली की अर्धं गाणं मशीनलाच चिकटून येतं. तू काय म्हणालास?"

"आठवत नाही."

"जुन्याला विचारतंय कोण, असं म्हणालास. मग मी विचारणारे शोधले."

"कसं केलंस पण?" चिमीतल्या वकिलाला राहवलं नाही.

"मंद आचेवर आठ तास भाजायची. मग एकदोनदा सरळ वाजते. तेवढ्यात उतरवून घ्यायची."

"भाजायची?" वहिनी ताठ झाल्या. "कशात?"

धाकट्याने वहिनींकडे बघायचं टाळलं.

"भावजी! माझ्या ओव्हनमध्ये? म्हणून वर्षभर माझ्या बिस्किटांना तो कुबट वास येत होता! मी बिचाऱ्या पिठवाल्याला दोनदा शिव्या दिल्या!"

आत्या हसली नाही. एरवी ती पहिली हसली असती. धाकट्याने ते पाहिलं आणि त्याला पहिल्यांदा जरा भीती वाटली.

"बिस्किटं गेली खड्ड्यात," दादा आता चढले. "पिंट्या, या खोलीत तेरा माणसं कामाला होती. आता तू, मी आणि ही. व्हायोलिनवाले मास्तर शेवटी शाळेच्या फाटकाशी छत्र्या दुरुस्त करत बसायचे. माहितेय ना? दर तबकडीमागे त्यांना त्यांचा वाटा मिळायचा. फुकट मिळतंय म्हटल्यावर विकत कोण घेईल? तुझ्या त्या चाळीस हजार रसिकांनी मास्तरांना एक छत्री तरी दुरुस्तीला दिली का?"

मास्तरांच्या अंत्यविधीला खांदा द्यायला चौथा माणूस मिळेना म्हणून रस्त्यावरचा एकजण बोलवावा लागला होता, आणि तो बोलवायला धाकटाच गेला होता.

"पण ती गाणी तू विकत तरी कुठे होतास?" तो एवढंच म्हणाला. "अकरा वर्षांत एक तबकडी काढली नाहीस."

"विकत नसलो तरी हक्क आपलाच राहतो, काका," चिमी म्हणाली. तिला ते बोलायचं नव्हतं. पण कायदा तसा होता आणि तो तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडला.

*

वहिनींनी तोवर मनात मार्ग काढला होता. नवरा तापला की तासभर धुमसतो आणि मग ऐकतो, पण आज तासभर थांबायला सवड नव्हती. घरातला माणूस तुरुंगात जाईल असा कागद या घरातून बाहेर पडणार नाही, हे त्यांनी बिस्किटांचा राग निवायच्या आत ठरवून टाकलं होतं.

"एवढं काय झालंय," त्या म्हणाल्या. "चिमे, पहिलं नाव खोड. यादी दुसऱ्यापासून सुरू कर. भावजी आज संध्याकाळी सगळी गाणी उतरवतील. झालं."

दादा पाणी प्यायले. ग्लास खाली ठेवेपर्यंत त्यांना ते पटलंही होतं. "हं. तसंच कर. तेरा काय नि चौदा काय."

"दुसरं नाव कुणाचं आहे?" आत्याने विचारलं. इतका वेळ ती मांडीवर हात ठेवून बसली होती.

चिमीने कागद उलटला. "ती सापडली होती. दवाखान्यातली एक नर्स आहे. अठरा गाणी."

"विकते?"

"नाही. वॉर्डात पेशंटांना ऐकवायची म्हणून चढवली, असं लिहिलंय तिने."

"म्हणजे तीनशे चाळीसवाला सुटला आणि अठरावाली पहिल्या नंबरवर आली." आत्या वहिनींकडे वळली. "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. असंच ना, वहिनी?"

"वन्सं, घर आधी बघावं लागतं."

"बघा की. पण मग उद्या मी तिथे उभी राहून या कार्ट्याला दोन वर्षं घाला म्हणून सांगणार नाही."

"माझं नाव राहू दे," धाकटा म्हणाला. "मला चालेल. मी लपवून केलं, तेवढी माझी चूक आहे. बाकी मला काही पश्चात्ताप बिश्चात्ताप नाही."

"तेवढी तुझी चूक नाही," आत्या म्हणाली. "गप्प बस जरा."

*

आत्या एकसष्ट वर्षांची होती. एकोणीस ते अठ्ठावीस अशी नऊ वर्षं ती गायली आणि मग एक दिवस, घसा अगदी ठणठणीत असताना, थांबली. का थांबली याच्या घरात तीन वेगवेगळ्या गोष्टी होत्या आणि तिन्ही चूक होत्या. चिमीने गाणं सुरू केलं तेव्हा इतरांनी अण्णांचा आवाज ऐकला. आत्याने 'टेक दोन' हे दोन शब्द ऐकले.

"चिमे, तू बंद केलंस त्याच्या पुढे काय होतं, माहितेय?" ती म्हणाली. "दुसऱ्या ओळीला माझा आवाज फाटतो. आणि मी तशीच पुढे गाते."

"लोक त्यालाच तर..." धाकट्याने सुरुवात केली.

"माहितेय. किती जीव ओतलाय म्हणतात. अरे, त्या सकाळी आईला दवाखान्यात नेलं होतं. मी म्हटलं, अण्णा, आज नको. ते म्हणाले, मास्तर आलेत, वेळ ठरलीय, चार मिनिटांचं तर काम आहे. गायले. संपल्यावर त्यांना म्हटलं, हे पुसून टाका, मी उद्या परत गाईन. त्यांनी माझ्यासमोर मान हलवली. पुसलं म्हणाले. त्याच आठवड्यात आई गेली. तबकडीवर तिसरा टेक आहे. नीट गायलेला. तो माझा आहे. हा माझा नाही. मला हा कुणाच्याही कानावर पडायला नको होता."

पुसलेलं नसणं हा अण्णांचा खोटेपणा होता की काटकसरीच्या काळातलं शहाणपण, याचा विचार दोघा भावांनी एकाच वेळी केला आणि दोघांनीही तो बोलून दाखवला नाही.

"मला काय माहीत, ताई," धाकटा अखेर म्हणाला. "डब्यावर काही लिहिलं नव्हतं."

"डब्याला कशाला विचारायचं? मी दोन गल्ल्या पलीकडे राहते. दर आठवड्याला तुझ्याकडे येते. तीनशे चाळीस वेळा मला विचारता आलं असतं." तिचा आवाज शांत होता, आणि तो शांत होता म्हणूनच धाकट्याने मान खाली घातली. "आणि दादा, तू हसू नकोस. तूही विचारलेलं नाहीस. तो म्हणतो गाणी ऐकणाऱ्यांची, तू म्हणतोस कंपनीची. गाताना दोघंही कुठे दिसला नाहीत."

"कायद्याने कंपनीचीच आहेत," दादा म्हणाले.

"बरं. मग कायद्यानेच बोलू. चिमे, समितीचं कामकाज इंटरनेटवर दाखवतात ना?"

"हो. दाखवतात आणि ठेवतातही."

"उद्या मी तिथे माझ्या गाण्याच्या दोन ओळी म्हटल्या, तर चौथ्या कलमाप्रमाणे?"

चिमीने मसुद्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे, मग पुन्हा मसुद्याकडे. हा मसुदा तिने स्वतः अकरा वेळा दुरुस्त केला होता. "परवानगी लागेल, आत्या. नाहीतर कनेक्शन आणि कैद."

"लागेल ना? मग मागते." आत्या उठली आणि थोरल्या भावासमोर जाऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. "दादा, उद्या मला माझ्या गाण्याच्या दोन ओळी म्हणायच्या आहेत. कंपनीची परवानगी आहे का?"

*

दादांना तो प्रश्न ऐकून आधी राग आला आणि मग एकदम लाज वाटली. सडसष्टाव्या वर्षी लाज वाटायची सवय राहिलेली नसते, त्यामुळे ते घाईने बोलून गेले.

"अगं, मला काय विचारतेस, बेबी! गाणं तुझंच आहे."

"लिहून घेऊ?" चिमीने विचारलं. तिच्या हातात पेन होतं.

"काय लिहून घेतेस?"

"आत्ता म्हणालात ते, बाबा. तुम्ही कंपनीचे मालक आहात आणि आम्ही तिघं साक्षीदार आहोत."

दादांनी लेकीकडे पाहिलं. तिच्या शिक्षणासाठी त्यांनी दुकानाचा पुढचा अर्धा भाग विकला होता, आणि आज ते शिक्षण टेबलाच्या पलीकडे बसलं होतं. मग त्यांना बहिणीचा करार आठवला. तो अजून कपाटात होता. सगळी गाणी, सगळे हक्क, कायमचे. त्यावर सही करताना ती एकोणीस वर्षांची होती आणि तिने एक ओळही वाचली नव्हती, कारण बाहेर तिला आईकडे दवाखान्यात न्यायला गाडी उभी होती. साक्षीदार म्हणून खाली त्यांची सही होती. ते तेव्हा पंचवीस वर्षांचे होते आणि त्यांनी तो करार दोनदा वाचला होता.

"लिही," ते म्हणाले.

वहिनींनी नवऱ्याच्या ग्लासात पाणी ओतलं.

"पण ऐकून ठेवा," दादांनी बोट उगारलं, "विकणाऱ्याला मी सोडणार नाही. बाजारात आपल्या गाण्यांच्या पाचशे पाचशे चोरट्या सीडी टोपलीत घेऊन बसतात. त्यांनी मास्तरांना खाल्लं. त्यांना तुरुंगात घातल्याशिवाय मी मरणारसुद्धा नाही."

"सोडूच नकोस. मीही सोडणार नाही," आत्या म्हणाली. "बंदी हवीच आहे मला, दादा. तू घाबरू नकोस. लिही गं. विकणाऱ्याला कैद. फुकट वाटणाऱ्याला आधी पत्र, उतरव म्हणून. ऐकलं नाही तर दंड. आणि ज्याने गायलं, वाजवलं, त्याला विचारल्याशिवाय ना वाटणाऱ्याने काही करायचं, ना कंपनीने. अकरा अकरा वर्षं कपाटात कुजवायचं असेल तर तेही विचारून कुजवायचं."

"यादीचं काय?" चिमीने विचारलं.

"फाड."

"संघटना मला उपाध्यक्षपदावरून काढेल," दादा म्हणाले.

"त्यांचा चहा तुम्हाला कुठे आवडतो," वहिनी म्हणाल्या, आणि यादी स्वतःच फाडली.

पुढचे चार तास चिमी लिहीत होती, दादा खोडत होते आणि आत्या खोडलेलं परत घालायला लावत होती. दंडाच्या रकमेवरून दादा एकदा उठून निघून गेले आणि वहिनींनी नुसतं 'अहो' म्हटल्यावर परत आले. धाकटा काचेपलीकडे मशीनांमध्ये बसून होता. त्याला कुणी बोलावलं नाही. चारच्या सुमाराला तो स्वतःच आत आला आणि आत्यासमोर उभा राहिला.

"ताई, विचारायचं होतं."

"विचार."

"ती गाणी. ठेवू का?"

"तीनशे एकोणचाळीसांत माझी किती?"

"छप्पन्न."

"माझी ठेव. बाकीच्यांची, जे हयात आहेत त्यांच्या घरी जा. एकेकाच्या. फोन नाही करायचा. जे गेले त्यांच्या मुलांना विचार. मास्तरांच्या सुनेपासून सुरुवात कर."

"तिने नाही म्हटलं तर?"

"तर उतरव."

धाकट्याने मान हलवली. मग जरा थांबून त्याने ते विचारलं. विचारताना त्याला आशा होती, आणि ती त्याच्या तोंडावर सगळ्यांना दिसत होती. "आणि टेक दोन? चाळीस हजार लोक, ताई. एक बाई लिहिते, नवरा गेल्यावर तिने महिनाभर दुसरं काही ऐकलं नाही. आणि सुरुवातीला अण्णा तुला 'आमची बेबी' म्हणतात, तेही फक्त त्याच एका..."

"नाही," आत्या म्हणाली.

"नीट विचार केलास?"

"बेचाळीस वर्षं केला."

"लोक विचारतील, कुठे गेलं म्हणून."

"सांग, गाणारीने काढायला लावलं."

दादा काहीतरी बोलणार होते. वहिनींनी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. धाकटा चिमीच्या लॅपटॉपपाशी बसला, पासवर्ड घातला आणि यादीत खाली खाली गेला. नाव सापडल्यावर त्याने एकदा मागे वळून पाहिलं. आत्या त्याच्याकडेच पाहत होती आणि तिने थांब म्हटलं नाही. त्याने बटण दाबलं.

निवेदन पाचला दहा मिनिटं असताना पोचलं. त्याखाली तिघा भावंडांच्या सह्या होत्या, आणि सगळ्यात वर, जिथे आजवर कंपनीचं नाव छापलेलं असे, तिथे आत्याचं नाव होतं.